प्रकल्प नोंदी: दूधबिलाच्या कोडसाठी तपासणीचं स्किल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज ठरलं. कोड तपासणीसाठी क्लॉड कोडमध्ये (अँथ्रॉपिक कंपनीचा कोड लिहिणारा-वाचणारा एआय सहायक) आपलं स्वतःचं स्किल, म्हणजे त्याच्यासाठीचा सूचनासंच, लिहायचं.

नंतर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात: आमची प्रणाली गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचा हिशेब ठेवते. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध आणतात, मशीन लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) देतं, दरपत्रकावरून दर निघतो, पावती छापली जाते आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. भाषा पायथॉन, तिच्यावरची वेब चौकट जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस. आम्ही पाच जण, त्यातले तपासणी करणारे दोघंच. पुल रिक्वेस्ट (मंजुरीसाठी पाठवलेले कोडमधले बदल) तीन-तीन दिवस पडून राहतात आणि शेवटी घाईत पुढे जातात. घाईतली तपासणी न केल्यासारखीच असते, हे मला फार दिवसांपासून टोचतंय.

स्किलची सोय अँथ्रॉपिकने ऑक्टोबरमध्ये आणली. रचना साधी आहे. एक फोल्डर, त्यात स्किल डॉट एमडी नावाची फाइल. वर नाव आणि वर्णन, खाली सूचना. सहायक सुरुवातीला फक्त नाव आणि वर्णन वाचतो. काम त्याच्याशी जुळलं तर बाकीची फाइल उघडतो, आणि शेजारच्या फाइली व स्क्रिप्ट गरज पडली तरच. म्हणजे सगळे नियम प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यावर ओतावे लागत नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला मसुदा चाळीस ओळींचा. 'कोड नीट तपास, चुका शोध, सुरक्षितता बघ, कामगिरी बघ, नावं चांगली आहेत का बघ.' पशुखाद्याच्या कपातीतल्या छोट्या बदलावर चालवला. एकवीस शेरे आले. फंक्शन लांब आहे, टिप्पणी नाही, चलाचं नाव अधिक स्पष्ट हवं, इथे अपवाद हाताळावा. खोटं एकही नव्हतं, पण कामाचा एकच होता आणि तो सतराव्या क्रमांकावर.

एकवीस शेरे वाचणारा माणूस सातव्या शेऱ्यापाशी थकतो. हे असंच चालू राहिलं तर आठवड्याभरात कुणी उघडूनही बघणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन बदल केले. एक, शेरा द्यायचा तर फाइल, ओळ आणि तो कोड ज्यावर चुकेल असं एक ठोस उदाहरण द्यायचं. उदाहरण सुचत नसेल तर तो शेरा लिहायचाच नाही. दोन, शैलीबद्दल एक अक्षरही नको, ते काम फॉरमॅटरचं, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनाचं. त्याच बदलावर पुन्हा चालवला तर तीन शेरे आले. कालचा सतरावा आज पहिला.

वर्णनाची ओळही बदलली. 'कोड तपासायला मदत करते' एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे बऱ्याचदा स्किल उघडलंच जात नव्हतं. आता कोणत्या वेळी वापरायचं ते लिहिलंय: रक्कम, दर, पगाराचा कालावधी, उत्पादकाचं नाव किंवा कपात यांना हात लावणारा कोणताही बदल. फरक लगेच दिसला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संगमनेर तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो: "साहेब, धार काढली एक तारखेला अन् तुमच्या बिलात ती कुठंच नाही. बाईनं पावत्या डब्यात ठेवल्यात, म्हणून कळलं तरी."

१ ते १० नोव्हेंबरच्या पगारात काही उत्पादकांचं १ तारखेच्या सकाळचं दूध नाही. सगळ्यांचं नाही, काहींचंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कारण सापडलं आणि ते माझ्या मंजुरीतून गेलेलं आहे.

डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठते. भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत आलेलं दूध यूटीसीच्या हिशेबाने आदल्या दिवसाचं. जँगोच्या नेहमीच्या क्वेरीत तारखेची अट लावली तर तो स्थानिक वेळेत रूपांतर करून घेतो, त्यामुळे आजवर अडचण आली नव्हती. ऑक्टोबरअखेर आम्ही पगाराचा अहवाल वेगवान व्हावा म्हणून जँगोला वगळून थेट एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) लिहिला आणि त्यात वेळेची सरळ तारीख केली. जँगो पोस्टग्रेसचं कनेक्शन यूटीसीतच ठेवतो. झालं, ती तारीख यूटीसीची.

याहून वाईट पुढेच आहे. १ तारखेचं पहाटेचं दूध ३१ ऑक्टोबरमध्ये गेलं, आणि तो पगार जुन्या अहवालातून आधीच निघालेला. ११ तारखेचं पहाटेचं दूध १० मध्ये आलं. एक सकाळ गेली, एक आली, नोंदींची संख्या दहाची दहाच. आमची चाचणी फक्त संख्या मोजत होती. ती हिरवी, म्हणजे पास.

त्या पुल रिक्वेस्टवर मी 'छान, बराच वेग आला' असं लिहिलंय.

गेलेल्या दुधाची यादी काढली. फरक पुढच्या पगारात जमा होईल, प्रत्येकाच्या पावतीवर स्वतंत्र ओळ म्हणून. अण्णांना फोन करून चूक आमची असल्याचं सांगितलं आणि उत्पादकांनाही तसंच सांगा म्हटलं. संस्थेच्या सचिवावर संशय यावा हे मला सहन होणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कालच्या अहवालाचा मूळ बदल मागे जाऊन स्किलकडे दिला. सध्याच्या मसुद्याने तो पकडला नाही. इंडेक्सबद्दल एक बरा शेरा दिला, बस.

त्याला दोष कसा देणार? पगार १० तारखेला कापला जातो, संकलन पाच वाजता सुरू होतं, साडेपाचच्या आत येणारे उत्पादक बरेच असतात, यातलं काहीच कोडमध्ये लिहिलेलं नाही. ते माझ्या डोक्यात होतं, आणि त्या दिवशी मलाही आठवलं नाही.

दिशा बदलतोय. 'चांगला कोड म्हणजे काय' हे सहायकाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याला दुधाच्या धंद्याबद्दल आम्ही सांगितल्याशिवाय काहीच माहीत नाही. स्किल डॉट एमडी पाऊण पानाची ठेवली आणि शेजारी तीन फाइली केल्या: पैसा, दिवस, नाव. 'दिवस'मधला पहिला नियम अण्णांच्या वाक्यासकट लिहिला. मग तोच जुना बदल तीन वेळा दिला. तिन्ही वेळा पकडला, आणि उदाहरण म्हणून '११ तारखेची ५:१० ची पावती' असं त्यानेच बनवून दिलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात कोड तपासणीची पद्धत मांडली. तिच्यात तपासणाऱ्याने बैठकीआधी स्वतः वाचून तयारी करायची असते आणि कोणत्या जातीच्या चुका शोधायच्या याची यादी हातात असते. ती यादी आधीच्या चुकांतून येते. पन्नास वर्षं होत आली तरी हा भाग आम्ही कधी केलाच नव्हता. दुरुस्ती केली, तिकीट बंद केलं, विसरलो.

म्हणून दोन दिवस फक्त जुनी तिकिटं वाचली. हिशेबाशी संबंधित बारा चुका निवडल्या. प्रत्येकीच्या दुरुस्तीच्या आधीचा बदल वेगळ्या शाखेत काढून ठेवला, आणि सोबत काहीच चूक नसलेले सहा बदलही ठेवले. पहिल्या बारांत स्किलने बोलायला हवं, या सहांत गप्प बसायला हवं. दुसरी परीक्षा पहिलीइतकीच महत्त्वाची.

पहिली फेरी: बारापैकी पाच पकडल्या. स्वच्छ सहांपैकी दोनांवर उगाच शेरे.

एक गोष्ट कळली. तोच बदल पुन्हा दिला की उत्तर कधीकधी बदलतं. म्हणून यापुढे प्रत्येक बदल तीनदा, आणि तिन्ही वेळा पकडला तरच 'पकडला' म्हणायचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज सहायकाकडून रकमेच्या चाचण्या लिहून घेतल्या. चाळीसेक ओळी, वाचायला सुरेख. ७.५ लिटर, दर ३५.३५, अपेक्षित रक्कम २६५.१२. सगळं हिरवं. मंजूर केलं.

तपासणीच्या आधी खरा डेटा झाकायचं कामही आज संपलं. चाचणीच्या फाइलींत उत्पादकांची खरी नावं आणि खातेक्रमांक पडून होते. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. पण कायदा नसता तरी दुसऱ्याचा खातेक्रमांक आमच्या चाचणीत असणं बरोबर नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

एका सहकाऱ्याने नेटवरून तयार स्किल आणलं. त्यातली स्क्रिप्ट बाहेरून काही उतरवून घेऊन चालवते. स्किलमधली स्क्रिप्ट आपल्या मशीनवर आपल्या अधिकाराने चालते, त्यामुळे ओळीनओळ वाचल्याशिवाय काही घ्यायचं नाही असं ठरलं. हे घेतलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

मुद्दाम पगाराच्या सीमेचा दिवस निवडून संगमनेरकडे गेलो. नाशिकहून पहाटे सव्वातीनला निघालो, सोबत आमची सगळ्यांत नवीन सहकारी. केंद्रावर पोहोचलो तेव्हा मिट्ट काळोख, हात गारठलेले. अण्णा लाइट लावून बसलेले होते.

पहिली पावती ५:०४. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन, कुणी सायकलवर, एक आजी बरणी घेऊन चालत. नमुना मशीनमध्ये, काट्यावर कॅन, पावतीचा कागद फाटल्याचा आवाज, पुढचा. दोन मिनिटांपेक्षा जास्त कुणी थांबत नाही. एकाची पावती ५:२७ ला निघाली, त्याच्यामागे उभ्या असलेल्याची ५:३३ ला. त्या दोघांच्या मधोमध आमच्या कोडने तारखेची रेघ मारली होती. यूटीसीचा मुद्दा मी शंभर वेळा वाचला असेन, पण ती रेघ मला आज दिसली.

गर्दी ओसरल्यावर अण्णांनी जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला. आम्ही एकेक पावती चाचणीतल्या आकड्यांशी ताडत बसलो. तिसऱ्या पावतीवर सहकारी म्हणाली, "दादा, इथे २६५.१३ आहे."

७.५ लिटर, दर ३५.३५. गुणाकार २६५.१२५. केंद्रावरचं मशीन अर्धा पैसा वर घेतं. आमचा कोड पायथॉनचा डेसिमल (दशांश अपूर्णांक नेमके ठेवणारा प्रकार) वापरतो, आणि डेसिमलला पूर्णांकनाची पद्धत सांगितली नाही तर अर्धा आला की तो जवळच्या सम अंकाकडे जातो, म्हणून २६५.१२. मोठ्या बेरजांत दोन्ही बाजूंचं समतोल राहावं म्हणून ही पद्धत आहे, ती चुकीची नाही. पण उत्पादकाच्या हातात पावती आहे आणि पावतीवर १३ पैसे आहेत.

"एक पैसा आहे अण्णा," मी म्हणालो.

"पैसा एकच हाय. पण पावतीची बेरीज बिलाला लागत नाही म्हटल्यावर माणूस म्हणतो, मग फॅटचं तरी खरं काय?"

२५ तारखेच्या चाचणीत काय झालं ते आता कळलं. सहायकाने अपेक्षित आकडे कोड वाचून काढले होते. कोड जे देतो तेच बरोबर, असं धरून लिहिलेली चाचणी म्हणजे चुकीला मारलेलं कुलूप. आणि ते हिरवं दिसतं म्हणून आम्ही निर्धास्त.

परतीच्या वाटेवर सिन्नरला चहा घेताना सहकारीने वहीत लिहिलं: 'आकडे पावतीवरून.'

१२ डिसेंबर, शुक्रवार

'पैसा' फाइल नव्याने लिहिली. रक्कम कधीच फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) नाही. अर्धा पैसा नेहमी वर, आणि पद्धतीचं नाव कोडमध्ये स्पष्ट दिलेलं हवं. पूर्णांकन पावतीच्या ओळीवर एकदाच, मग बेरीज. आधी बेरीज आणि मग पूर्णांकन केलं तर बिल पावत्यांशी जुळणार नाही.

चाचण्यांसाठी वेगळा नियम केला: अपेक्षित आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहिलेलं हवं. पावती, छापील दरपत्रक किंवा सचिवांनी हाताने मांडलेला हिशेब. कोडवरून काढलेला आकडा दिसला तर सहायकाने तसा शेरा द्यायचा, मग चाचणी त्याने स्वतः लिहिलेली का असेना. अण्णांकडून नावं झाकून पावत्यांचे फोटो आणलेत, त्यातल्या साठ पावत्या आता आमच्या चाचणीत आहेत.

१६ डिसेंबर, मंगळवार

'नाव' फाइल. तक्रार जुनी: कपातींच्या अहवालात ॲडव्हान्स दोनदा येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एक ॲ एकाच चिन्हाचा, युनिकोड (संगणकातल्या अक्षरांची जागतिक यादी) क्रमांक ०९७२. दुसरा अ आणि त्यावर ॅ, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ अशी दोन चिन्हं. कुणाच्या कळफलकावरून हा येतो, कुणाच्या तो.

सहायकाने सुचवलं, एनएफसी सामान्यीकरण करा, म्हणजे एकाच अक्षराची समतुल्य रूपं एकसारखी करून घ्या. कुठल्याही पुस्तकात हेच उत्तर मिळेल. सहकारीने ते न मानता चालवून बघितलं, हे मला फार आवडलं. दोन ओळी दोनच राहिल्या. युनिकोडने या दोन रूपांना समतुल्य ठरवलेलंच नाही. र आणि नुक्ता मिळून ऱ एनएफसीने होतो, तेवढंच.

तसंच कऱ्हाडचं. कुणी ऱ ला हलंत जोडून लिहितं, कुणी र, हलंत आणि न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी. एनएफसी त्यालाही हात लावत नाही. कऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे, अशी आडनावं असलेला माणूस शोधात सापडत नाही आणि त्याचं दुसरं खातं उघडलं जातं. मग एकाच माणसाचं दूध दोन खात्यांत. मराठी माणसाचं नाव मराठीत बरोबर सापडलं पाहिजे, एवढी तरी मराठीतल्या प्रणालीकडून अपेक्षा असणारच.

उपाय: शोधासाठी वेगळी किल्ली, तिच्यात आमचा छोटा रूपांतर तक्ता. छापताना मात्र नाव ज्याने जसं दिलं तसंच. स्किलसोबत एक स्क्रिप्टही ठेवली, ती मजकुरातली चिन्हं क्रमांकासह मोजून दाखवते. असल्या बाबतीत सहायकाने अंदाज बांधू नये, स्क्रिप्ट चालवावी.

२३ डिसेंबर, मंगळवार

क्रम बदलला. एका पुल रिक्वेस्टवर सहकारीचा शेरा होता, 'सहायकाला काही सापडलं नाही, मंजूर.' मी तिच्याशी शांतपणे बोललो. चूक तिची नाही, वाटच आम्ही तशी आखली होती. आधी यंत्राचं उत्तर दिसलं की माणसाचा डोळा तिथेच थांबतो. आता माणूस आधी वाचणार, आपले शेरे लिहिणार, मग स्किल चालणार. तिने पहिल्याच दिवशी पुन्हा पाठवलेल्या नोंदीची एक चूक पकडली: नेट गेलं की केंद्रावरचं यंत्र तीच पावती पुन्हा पाठवतं आणि आपण दूध दोनदा धरतो. स्किलने ते नंतर पाहिलं आणि गप्प राहिलं. नियम त्याच संध्याकाळी जोडला.

५ जानेवारी २०२६, सोमवार

बारापैकी दहा, तिन्ही वेळा. स्वच्छ सहांपैकी एकावर अजून उगाच शेरा येतो.

काही नियम स्किलमधून काढलेही. थेट एसक्यूएलमध्ये वेळेची तारीख करणं, पूर्णांकनाची पद्धत न देणं, हे साध्या शोधाने सापडतं. ते कमिटच्या (बदल कोडमध्ये नोंदवण्याच्या) आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत टाकलं. जे यंत्राला दर वेळी नक्की सांगता येतं ते कधीकधी सांगणाऱ्यावर का सोडायचं? फाइल हलकी झाली आणि उरलेल्या नियमांकडे सहायकाचं लक्ष वाढल्यासारखं वाटतं.

न पकडलेल्या दोन चुका दरपत्रक मध्येच बदलण्याच्या आहेत. संध्याकाळपासून नवा दर लागू, पण सकाळच्या पावत्या उशिरा पोहोचल्या, तर कोणता दर? खरं सांगायचं तर हा नियम आम्हालाच नीट लिहिता आलेला नाही. तीन सचिवांनी तीन पद्धती सांगितल्या. तो स्किलमध्ये घालायच्या आधी प्रत्येक संस्थेची पद्धत लेखी घ्यायची आहे.

१२ जानेवारी, सोमवार

१ ते १० जानेवारीचा पगार काल निघाला. पावत्यांची बेरीज आणि बिल पैशापर्यंत जुळलं. ११ तारखेची ५:०९ ची पावती नव्या पगारात.

दुपारी अण्णांचा फोन. पोटात गोळा आला, पण विषय वेगळा होता. १० तारखेला संध्याकाळी वीज गेली, दूध हाताने लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकात भरलं. "ते आता कोणत्या पगारात गेलं, तेवढं बघा."

११ तारखेत गेलं होतं. पाच वाजायच्या आत दुरुस्त केलं. कोडच्या बदलाआधी सहकारीने 'दिवस' फाइल उघडून नियम लिहिला होता. मी एक शब्दही बदलला नाही:

'हाताने भरलेल्या नोंदीची तारीख भरण्याच्या वेळेवरून काढू नये. दूध कधी घातलं ते वेगळं विचारावं. उदाहरण: १० जानेवारी संध्याकाळ, वीज नव्हती, नोंद ११ जानेवारी सकाळी ८:४०, दूध १० तारखेचं. सांगणारे: संस्थेचे सचिव, फोनवर.'